मडगार्ड असायचंच

सायकलीबरोबर मडगार्ड यायचंच. दुकानदार घंटीचं विचारायचा, कुलपाचं विचारायचा, "डायनॅमो टाकू का?" म्हणायचा, कॅरिअर साधं हवं की स्प्रिंगवालं हेही विचारायचा. मडगार्डाबद्दल कुणी कधी काही विचारलं नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला 1949 साली सुरू झालेल्या टीआय कंपनीची हर्क्युलिस असो, 1951 पासूनची सोनिपतची ॲटलस असो, 1956 पासूनची लुधियानाची हिरो असो, की आसनसोलला बनणारी सेन-रॅले असो, मागेपुढे पत्र्याची दोन मडगार्डं गृहीतच धरलेली. सायकल चालवणारा माणूस पावसात सापडणार, चिखलातून जाणार आणि तरी त्याला नीटनेटकं कुठंतरी पोचायचंय, हे सायकल बनवणाऱ्याला ठाऊक होतं.

वडिलांच्या हर्क्युलिसचं मडगार्ड मला अजून बारकाव्यानिशी आठवतं. जाड पत्रा, त्यावर काळं चकचकीत एनॅमल, मधोमध उभा उंचवटा आणि दोन्ही बाजूंना बारीक सोनेरी रेघ. कडा आतल्या बाजूला वळवलेल्या. त्या वळवलेल्या कडेमुळे पत्र्याला ताठपणा यायचा, हाताला कापायचं नाही, आणि चाकानं वर फेकलेलं पाणी कडेवरून बाहेर न सांडता आतल्या आत खाली वाहून जायचं. पुढच्या मडगार्डाचं टोक चिमट्याच्या पुढे चांगलं वीतभर निघालेलं असे. मागच्याचं शेपूट पांढऱ्या रंगात, त्यावर लाल काच. दुसऱ्या महायुद्धात विलायतेत रात्री दिवे मालवलेले असत, तेव्हा मागून येणाऱ्याला सायकल दिसावी म्हणून मडगार्डाचं टोक पांढरं रंगवलेलं असे. युद्ध संपलं, काळोख सरला, पण आपल्याकडच्या काळ्या सायकलींचं शेपूट पुढेही कित्येक वर्षं पांढरंच राहिलं.

वडील खडकीला ॲम्युनिशन फॅक्टरीत होते. सकाळच्या पाळीच्या आधी शिवाजीनगरकडून वाकडेवाडीच्या रस्त्यानं सायकलींचा लोंढा निघायचा, आणि संध्याकाळी भोंगा झाला की तोच लोंढा उलटा यायचा. पावसाळ्यात अंगावर मेणकापडाचा नाहीतर रबरी रेनकोट, डोक्यावर टोपी, कॅरिअरला पिशवीत गुंडाळलेला डबा. रेनकोट वरचं पाणी अडवायचा. खालून येणारं पाणी अडवणं हे मडगार्डाचं काम. खालचं पाणी वरच्यापेक्षा वाईट असतं हे सायकलवाल्याला सांगावं लागत नाही. पावसाचं पाणी वाळतं. रस्त्यावरच्या पाण्यात शेण, ऑइल आणि मुरूम असतो, त्याचा डाग धुऊनही जात नाही. आईनं इस्त्री केलेली खाकी पँट वडील संध्याकाळी परत आणायचे तेव्हा पोटरीपर्यंत ओली असायची, पण पाठीवर चिखलाची रेघ मी कधीही पाहिली नाही. बँकेत, कचेरीत, शाळेत जाणारी माणसं तर पांढऱ्या लेंग्यात आणि धोतरातसुद्धा सायकल चालवायची. लेडीज सायकलला मागच्या मडगार्डापासून एक्सलपर्यंत जाळी बांधलेली असे, पदर चाकात जाऊ नये म्हणून. त्या जाळीची दोरी ओवायला मडगार्डाच्या कडेला बारीक भोकांची रांग असायची.

ही मडगार्डं बसवायची पद्धत इतकी सरळ होती की तिच्याकडे लक्षही जात नसे. पुढे चिमट्याच्या डोक्याशी एक बोल्ट. मागे दोन: एक पायडलच्या मागे दोन नळ्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्टीला, दुसरा सीटखालून उतरणाऱ्या दोन नळ्यांमधल्या पट्टीला. आणि मडगार्ड डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंनी सळ्या. सळईचं टोक चपटं करून त्याला भोक पाडलेलं, ते सरळ एक्सलवर चढवायचं आणि नट आवळायचा.

मागच्या एक्सलवर केवढी दाटी असे! आमच्या गल्लीच्या तोंडाशी मिस्त्रींचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक लाकडी खोकं, पंप, पाण्याची घमेली आणि छपराला उलट्या टांगलेल्या टायरी. त्यांनी मागचं चाक उघडलं की मी उकिडवा बसून बघायचो. आधी नट, मग वायसर, मग स्टँडचा कान, मग कॅरिअरचा पाय, मग मडगार्डाची सळई, मग पुन्हा वायसर, आणि शेवटी फ्रेम. हा क्रम त्यांच्या बोटांत बसलेला होता. प्रत्येक वस्तू काढली की पत्र्याच्या ताटलीत त्याच क्रमानं मांडायची. म्हणूनच साध्या पंक्चरसाठी ते चाक काढतच नसत. टायरची एक कड रिमवरून उतरवायची, ट्यूब बाजूनं ओढून बाहेर घ्यायची, घमेल्यातल्या पाण्यात बुडबुडे बघायचे, घासून सोल्युशन लावायचं, ठिगळ दाबायचं, ट्यूब परत आत. चाक जागचं हललेलं नाही, मडगार्ड हललेलं नाही. दोन पाने आणि एक पक्कड एवढ्यावर अख्खी सायकल उघडायची, कारण सगळ्या कंपन्यांचे नट जवळपास एकाच मापाचे. हर्क्युलिसचं मडगार्ड चेपलं तर ॲटलसचं चालून जायचं.

मडगार्ड चेपायचंही फार. सायकल भिंतीला टेकवताना पडली, रिक्षाचा धक्का बसला, की पत्र्याला पोचा आणि पत्रा टायरला घासून खर्र खर्र आवाज. मिस्त्री आतून लाकडाचा ठोकळा धरायचे, बाहेरून हलक्या हातानं हातोडी, आणि दोन मिनिटांत आवाज बंद. बोल्ट सैल झाला की वाळलेल्या रस्त्यावर ते मडगार्ड असं खडखडायचं की वडील कोपऱ्यावर आले हे आम्हांला घरात कळे. पावसाळ्यानंतर आतल्या बाजूला गंज धरायचा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सायकल उलटी करून रॉकेलच्या बोळ्यानं मडगार्डाचा आतला भाग पुसणं हे माझं काम, आणि वरून खोबरेल तेलाचा हात. पूजेत कुंकवाचा स्वस्तिक पुढच्या मडगार्डावर निघायचा, कारण सायकलवर सपाट आणि मोठी अशी तीच एक जागा. हॅन्डलला झेंडूची माळ.

बिनमडगार्डाची सायकल मी पहिल्यांदा पाहिली ती मुंबई-पुणे शर्यतीत. जुन्या मुंबई रस्त्याला बोपोडीपाशी माणसं दुतर्फा उभी राहायची. बोरघाट चढून, लोणावळ्यावरून सुसाट आलेले ते शर्यतवाले पुढे वाकून समोरून निघून जायचे, आणि त्यांच्या सायकलींना चाकं, चेन आणि खाली वळलेलं हॅन्डल सोडलं तर काहीच नसायचं. ते दृश्य मुलांच्या मनात ठसलं. कॉलेजात गेल्यावर कितीतरी जणांनी आपापल्या ॲटलसची मडगार्डं काढून माळ्यावर टाकली, चेनकव्हर काढलं, स्टँड काढला. सायकल हलकी व्हायची यात शंका नाही, आणि दिसायचीही तिखट. पहिला पाऊस पडला की तीच मुलं मिस्त्रींकडे मडगार्डं घेऊन रांगेत उभी.

वेगवान सायकल आणि मडगार्ड यांचं हाडवैर मात्र पहिल्यापासून नव्हतं. पॅरिसला लागून असलेल्या लव्हाल्वा-पेरे गावात रने एर्स आणि ॲलेक्स सिंगर यांची दुकानं होती. तिथं 1940 च्या दशकात बनलेल्या लांब पल्ल्याच्या सायकली फार हलक्या आणि फार वेगवान होत्या, आणि त्यांना ॲल्युमिनियमची मडगार्डं असायची. हे कारागीर फ्रेम जोडतानाच मडगार्डाचा विचार करत. टायर आणि मडगार्ड यांच्यातलं अंतर चाकाच्या सगळ्या घेराभर सारखं राहावं अशा बेतानं नळ्यांमधल्या आडव्या पट्ट्या डाकल्या जात, आणि मडगार्डाचा बोल्ट चिमट्याच्या डोक्याखालून सरळ वर जाई. पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस ही 1891 पासूनची बाराशे किलोमीटरची वाट. तिथं रात्रभर पावसात पायडल मारायचं असतं. ओल्या ढुंगणानं, ओल्या मोज्यांनी माणूस थकतो हे त्या लोकांना अनुभवानं माहीत होतं. इंग्लंडात कोव्हेंट्रीजवळच्या वोल्स्टन गावी ब्लूमेल्सची मडगार्डं बनत, सेल्युलॉइडची, वजनाला नगण्य. तिथल्या क्लबांत अजूनही हिवाळ्यात घोळक्यानं निघायचं तर मागचं मडगार्ड लांब आणि त्याला खाली झालर हवी, नाहीतर मागच्याच्या तोंडावर सगळं उडतं.

मग मडगार्ड गेलं कुठं?

माझं मत असं की सायकलीचं काम बदललं तेव्हा मडगार्ड गेलं. पूर्वी सायकलवरून कुठंतरी पोचायचं असायचं: कारखान्यात, वर्गात, मंडईत, लग्नाला. आता बरेच जण सायकलवर निघतात ते घरी परत येण्यासाठी. पहाटे निघायचं, सिंहगडाच्या पायथ्याला किंवा खंबाटकीला जायचं, परत यायचं, अंघोळ करायची आणि मग मोटारीनं कामाला जायचं. ज्याला वाटेत कुणाला तोंड दाखवायचं नाही त्याला चिखलाचं काही वाटत नाही. सायकल बनवणाऱ्यांनीही तसंच धरलं. चाकं फ्रेमच्या जितकी जवळ तितकं बरं, टायर बारीक, ब्रेकचा आवाका 39 ते 49 मिलिमीटर. त्या फटीत टायरच कसाबसा मावायचा, तिथं मडगार्डाला जागा कुठली? सळ्या लावायची भोकं गेली. नळ्यांमधल्या पट्ट्याही बारीक झाल्या, आणि कार्बनच्या फ्रेमा आल्यावर काही ठिकाणी त्या पट्ट्याही गेल्या. सीटखालच्या दोन नळ्यांना मधे आडवं काही नसलं की त्या थोड्या लवतात आणि खड्ड्यांचा हादरा कमी बसतो, असा त्यामागचा हिशेब. हिशेब बरोबर आहे; लांबच्या पल्ल्यात तो फरक जाणवतो.

आणि तरी पाऊस पडतोच. जून ते सप्टेंबर मुळशी, ताम्हिणी, वरंधा, आंबोली हे रस्ते सायकलवाल्याला जसे दिसतात तसे मोटारवाल्याला कधी दिसणार नाहीत. याच महिन्यांत ब्रेव्हेही, म्हणजे ठरल्या वेळात पुरे करायचे लांब पल्लेही, होतात: दोनशे किलोमीटर साडेतेरा तासांत, तीनशे वीस तासांत, चारशे सत्तावीस तासांत, सहाशे चाळीस तासांत. 2007 च्या पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिसला पावसानं झोडपलं आणि मोठ्या संख्येनं लोकांनी अर्ध्यात सोडलं, ही गोष्ट लांब पल्ल्याची सायकल चालवणारे अजून सांगतात. कोकणात उतरताना तांबड्या मातीचं पाणी रस्त्यावरून वाहत असतं. ताशी तीस किलोमीटरनं चाललेलं चाक ते पाणी उचलतं आणि थेंब स्पर्शरेषेनं सुटतात. मागच्या चाकाचे थेंब पाठीवर येतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. खरा ताप पुढच्या चाकाचा. चाकाच्या मागच्या अंगानं सुटलेलं पाणी थेट बुटांवर, पायडलच्या बेअरिंगवर आणि चेनवर बसतं. वरून सुटलेले थेंब पुढे उडतात, आणि आपण त्याच वेगानं त्यांच्यात शिरतो, म्हणून ते डोळ्यांत जातात. कोकणातून एकदा जाऊन आलं की चेनमधून वाळूचा आवाज येतो. आजच्या बारा-बारा गिअरच्या चेन-कॅसेटी किती महाग झाल्यात हे ज्यानं बदलल्या त्याला विचारावं. मडगार्ड त्या सगळ्याचं रक्षण करतं.

म्हणून गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी एक मधला मार्ग काढला. ट्रेकनं 2012 मध्ये डोमानी आणली तेव्हा तिच्यात मडगार्डाची भोकं होती, पण लपवलेली. पुढे कॅननडेलच्या सिनॅप्सनं आणि इतरांनीही तेच केलं. भोक आहे, मात्र बाहेरून दिसत नाही: चिमट्याच्या आतल्या अंगाला, नळीच्या आतल्या अंगाला, डोक्याच्या खालून वर. विकताना सायकल शर्यतीचीच दिसली पाहिजे. माझ्याकडे आता जी सायकल आहे ती याच जातीची. कार्बनची फ्रेम, डिस्क ब्रेक, बारा मिलिमीटरचे आरपार एक्सल, अठ्ठावीसचे टायर. तिला मडगार्ड बसवायला मी ती घेऊन आमच्या मेकॅनिककडे गेलो. तिशीचा मुलगा, हात अत्यंत स्वच्छ, बोलणं मोजकं. त्यानं सायकल स्टँडला लावली, चाकं काढली आणि टॉर्च घेऊन फ्रेम आतून तपासली.

"काका, भोकं सगळी आहेत," तो म्हणाला, "पण एकही सरळ नाहीये. आणि मागं ब्रिजच नाही."

ब्रिज म्हणजे सीटखालच्या दोन नळ्यांमधली पट्टी, जिथं पूर्वी मागच्या मडगार्डाचा मधला बोल्ट बसायचा. या सायकलला तिथं मोकळी हवा. दोन्ही नळ्यांच्या आतल्या अंगाला मात्र समोरासमोर आटे पाडलेली दोन बारीक भोकं. कंपनी एक छोटी सुटी पट्टी बनवते, ती त्या दोन भोकांत बसते. पण ती इथं मिळेना. मुलानं आधी पुठ्ठा कापला. दोन नळ्यांमधे धरला, कानशी मारल्यासारखा कडेनं थोडा थोडा कमी करत नेमका बसवला. मग तोच आकार दोन मिलिमीटर ॲल्युमिनियमच्या पट्टीवर उतरवला, पट्टी शेगड्यात धरून हॅकसॉनं कापली, कानस फिरवून कडा गोल केल्या, आणि भोकांऐवजी लांबट खाचा पाडल्या, म्हणजे मडगार्ड वर-खाली सरकवायला वाव राहिला. कार्बनला लागणाऱ्या जागी नायलॉनचे वायसर. दाबून बसवलेलं काहीच नको, हे तो दर वेळी म्हणत होता. कार्बनला धातूची कड घासत राहिली तर ती फ्रेम कुरतडते.

मडगार्डं जर्मनीतल्या सुंडर्नच्या एसकेएसची. दोन प्लॅस्टिकच्या थरांमधे ॲल्युमिनियमची पातळ पट्टी, त्यामुळे ती ताठ राहतात आणि गंजत नाहीत. वोल्स्टनच्या ब्लूमेल्सचं नाव हीच कंपनी आता आपल्या एका प्रकाराला लावते. अठ्ठावीसच्या टायरला पस्तीस मिलिमीटर रुंदीचं मडगार्ड चालतं; टायर बत्तीसचा असला तर पंचेचाळीसचं घ्यावं लागतं, आणि तेवढी जागा फ्रेममधे असतेच असं नाही.

पुढचं मडगार्ड बसवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. डब्यातली पट्टी धरून चालते ती जुन्या पद्धतीचं भोक, चिमट्याच्या डोक्यातून पुढून मागे जाणारं, ब्रेकच्या बोल्टाचं. डिस्क ब्रेक आल्यावर तो बोल्टच उरला नाही. आता भोक खालून वर आहे. म्हणजे मडगार्डालाच मधोमध भोक पाडायचं आणि बोल्ट टायरच्या बाजूनं वर घालायचा. पण बोल्टाचं डोकं टायरला लागेल! त्यासाठी चपट्या डोक्याचा बोल्ट शोधला, आतून मोठा वायसर आणि मडगार्ड व चिमटा यांच्यामधे रबराची चकती घातली. चिमट्याच्या वक्र पोटात मडगार्ड बरोबर बसलं. लव्हाल्वाचे कारागीर बोल्ट खालून वर नेत ते याच कारणानं. पुण्याच्या त्या गॅरेजात तीच रीत नव्या सामानानं पुन्हा घडताना पाहून मला मनापासून आनंद झाला.

राहिल्या सळ्या. मागच्या बाजूला भोकं नळ्यांच्या आतल्या अंगाला, एक्सलच्या थोडी वर. उजवीकडे कॅसेट. तिथं लांब बोल्ट घातला तर त्याचं डोकं सगळ्यात लहान दातेरी चकतीवरच्या चेनला लागतं, आणि हे स्टँडवर पायडल फिरवताना कळतही नाही. चेन त्या चकतीवर उतरली की मगच आवाज येतो. म्हणून बारीक डोक्याचा, मोजून आखूड केलेला बोल्ट. डावीकडे डिस्क. तिथं सळई दोन पकडींनी धरून हलकीशी बाहेर वळवली, मग चाक घालून हातानं सावकाश फिरवलं आणि कान लावून ऐकलं. पुढेही तसंच: डाव्या पायाला ब्रेकचा कॅलिपर, सळई त्याला वळसा घालून न्यायची. प्रत्येक बोल्टाच्या आट्यांना निळ्या लॉकिंग सोल्युशनचा थेंब, आणि आवळायचा तो टॉर्कच्या पान्यानं, दोन-अडीच न्यूटन-मीटरच्या पुढे नाही. कार्बनमधे बसवलेली धातूची बारीक पुंगळी जास्त आवळली की जागच्या जागी फिरायला लागते, मग ते भोक कायमचं गेलं. वडिलांच्या मिस्त्रींचा हात अंदाजानं आवळायचा आणि अंदाज बरोबर यायचा, कारण खाली लोखंड होतं.

शेवटी मडगार्ड टायरला समांतर आणणं. वर थोडी जास्त फट आणि खाली कमी असं झालं तर दिसायला वाईट आणि चिखल अडकायला सोपं. सळ्या त्यांच्या चापांतून एकेक मिलिमीटर सरकवत, लांबून बघत, पुन्हा सरकवत. पुढच्या सळ्यांचे चाप सुटे होणारे आहेत. चाकात काडी अडकून मडगार्ड ओढलं गेलं तर चाप निसटतो आणि चाक जाम होत नाही. हे मला फार शहाणपणाचं वाटलं. जुन्या पत्र्याच्या मडगार्डात काटकी अडकली की पुढचं चाक आवळायचं आणि माणूस हॅन्डलवरून तोंडघशी पडायचा. आमच्या शाळेतल्या एकाचे पुढचे दात असेच गेले.

जुन्या सायकलीच्या आठवणीत मी रमतो, पण तिच्या स्टीलच्या रिमवर पावसात ब्रेक लागत नसे हे विसरून चालणार नाही. दांड्यांचे ते ब्रेक दाबून धरले तरी लकडी पुलाच्या उतारावर सायकल आपल्याच मर्जीनं थांबायची. आजची डिस्क भर पावसात बोटाच्या दाबानं थांबते. मडगार्ड खडखडत नाही, गंजत नाही, वजन नावापुरतं. एकच गोष्ट जुनी सायकल सहज करायची जी आजच्या सायकलीला जड जाते, ती सावकाश वळणं: जुनीचा सांगाडा लांब होता, पुढचं चाक पायापासून दूर होतं. आताच्या सायकलीत वळताना बुटाचं टोक मडगार्डाला लागतं. सावकाश यू-टर्न घेताना त्या बाजूचा पाय मागे ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, आणि ती लागते.

पुढच्या मडगार्डाला झालर आम्ही ट्रकच्या जुन्या मडफ्लॅपच्या रबराची कापली, जमिनीपासून चार बोटं वर राहील इतकी लांब. डब्यात मिळालेली झालर आखूड होती. पाय कोरडे राहायचे तर झालर खाली जायलाच हवी. मागच्या मडगार्डालाही लांब झालर असली तर त्या सायकलीमागे पावसात निवांत चालता येतं. म्हणून आमच्या गटात जून लागला की ज्याच्या मागच्या चाकाला मडगार्ड आहे तो पुढे, नसेल तो सगळ्यांच्या मागे, हा रिवाज आम्ही पाळतो. तो सगळ्या गटांनी पाळावा.

ब्रिजचा तो पुठ्ठ्याचा साचा मेकॅनिकनं टाकला नाही. त्यावर फ्रेमचं माप लिहून खिळ्याला अडकवून ठेवलाय, आणि त्याच फ्रेमचे आणखी काही जण त्याच्याकडून तशी पट्टी करून घेऊन गेले. पण हे काम मुळात दुकानात पुठ्ठा कापून व्हायला नको. माझं सायकल बनवणाऱ्यांना, आणि त्यातही भारतात रोड बाइक बनवणाऱ्या कंपन्यांना, कळकळीचं सांगणं आहे: मागे दोन, पुढे दोन, अशी आटे पाडलेली भोकं नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला द्या, उघडी, सरळ, पाच मिलिमीटर बोल्टाची. दोन आडव्या पट्ट्यांना एकेक भोक द्या. टायर आणि फ्रेम यांच्यात बोटभर जागा सोडा. तुमच्याच काळ्या सायकलींना मडगार्ड असं सरळ बसायचं. आणि दुकानात नवी सायकल बघायला गेलेल्यानं रंग आणि गिअर बघून झाले की एकदा खाली वाकून एक्सलच्या वर बोट फिरवून बघावं, आणि भोक लागलं नाही तर "मडगार्ड कुठं बसणार?" हा प्रश्न दुकानदाराला मोठ्यानं विचारावा.